तोफेस भरला, पण नाव कुठे गेले?



हल्ली हूगची नोंदणी, सहलीची नोंदणी, सणाच्या जेवणाची नोंदणी, सगळे मोबाईलवर आले आहे. पूर्वी मोआदोनमध्ये एक बाई वही घेऊन टेबलाशी बसत, आपण नाव सांगत असू आणि त्या लिहून घेत. आता तोफेस येतो. त्यात लहान लहान चौकोन असतात, पाहिजे त्या चौकोनात बोटाने खूण करायची आणि खालचे बटण दाबायचे. हिरवी खूण दिसली की आपण निश्चिंत. मग रविवारी सकाळी योगासनांना जावे, तर यादीत नाव नाही. शिकवणारी मुलगी गोड शब्दांत म्हणते, "तुम्ही खूण करायला विसरला असाल." आपले वय बघून आजूबाजूच्या सर्वांना ते पटते. पुष्कळदा आपल्यालाही पटते, आणि आमच्या मते हे अधिक वाईट आहे.

खूण बरोबर केलेली असूनही ती वाटेत हरवू शकते. कशी, ते आज आम्ही सांगणार आहोत. विषय संगणकवाल्यांचा आहे खरा, पण ज्याने शाळेचे रजिस्टर पाहिले आहे त्याला कळणार नाही असे त्यात फारसे काही नाही. आमच्या नातवाने आम्हांला हे पडद्यावर उघडून दाखवले तेव्हा आम्हांला आमची जुनी शाळेची कचेरीच आठवली.

आपल्यापैकी जे भारतात शिकले त्यांच्या कपाटात शाळा सोडल्याचा दाखला कुठेतरी जपून ठेवलेला असेल. त्यावर रजिस्टर नंबर लिहिलेला असतो. मूल शाळेत दाखल झाले की कारकून जनरल रजिस्टर उघडून पुढच्या कोऱ्या ओळीत त्याचे नाव लिहीत, आणि त्या ओळीचा जो आकडा तो त्या मुलाचा नंबर. तो पुन्हा दुसऱ्या कोणाला मिळत नसे. एका नावाची चार मुले असली, आणि आपल्यात डेव्हिड नि सॅम्युएल काय थोडे होते, तरी नंबर निराळे. संगणकाच्या डेटाबेसमध्ये हेच चालते. प्रत्येक माणसाची एक ओळ आणि प्रत्येक ओळीला एक नंबर. हा नंबर आपल्या मिस्पार जेहूतहून वेगळा, संगणकाने आपल्या सोयीसाठी दिलेला.

आता मुलाची इयत्ता त्याच्या ओळीतच लिहिता येते, कारण एका वेळी एक मूल एकाच इयत्तेत बसते. पण गाणे, नाटक, कवायत, चित्रकला यांचे काय? एक मुलगी गाण्यातही असते आणि नाटकातही. नाटकात एक मुलगी नसते, वीस असतात. मुलीच्या ओळीत "गाणे, नाटक" असे कोंबून लिहिले, तर नाटकात कोण कोण हे शोधायला अख्खे रजिस्टर वाचावे लागेल. उलट नाटकाच्या पानावर नावे लिहिली, तर ही मुलगी आणखी कशाकशात आहे हे कळायला सगळी पाने चाळावी लागतील. दोन्हीकडे लिहिले तर एके ठिकाणी खोडायचे राहून जाईल, हे कोणताही शिक्षक सांगेल.

ह्यावर उपाय म्हणजे तिसरी वही. ह्या वहीत नावे नाहीत, वर्णन नाही, प्रत्येक ओळीत फक्त दोन आकडे: मुलीचा नंबर आणि कार्यक्रमाचा नंबर. 412 आणि 3. 412 आणि 7. 415 आणि 3. एवढेच. ह्या वहीवरून 412 नंबरची मुलगी कशाकशात आहे हेही सांगता येते आणि 3 नंबरच्या कार्यक्रमात कोण कोण हेही. माहिती अशी तक्त्यांमध्ये मांडून आकड्यांनी जोडायची रीत आय.बी.एम.मध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली मांडली आणि आजही बहुतेक कचेऱ्यांचे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. दोन्ही बाजूंनी अनेक असलेल्या अशा नात्याला हिब्रूत रबीम लेरबीम म्हणतात. मराठीत आपण अनेकांचे अनेकांशी नाते म्हणू.

ह्या रचनेतच आपल्या गोष्टीचे मूळ आहे. तिसऱ्या वहीत ओळ लिहायची तर दोन्ही नंबर आधी हातात पाहिजेत. नव्या मुलीला रजिस्टर नंबर मिळालाच नसेल तर तिला नाटकाच्या यादीत घालणार कसे? तेव्हा क्रम ठरलेला: आधी रजिस्टरात नाव, मग नंबर, मग तिसरी वही. एकच तोफेस, एकच बटण, पण आत लिहिण्याची कामे दोन, आणि ती एकामागून एक होतात. दोन कामांच्या मध्ये फट राहते.

आता हे तोफेस बनवतात कसे ते पाहू. प्रत्येक वेळी सगळे पहिल्यापासून लिहीत बसू नये म्हणून प्रोग्रॅमर मंडळी आधीच उभारून ठेवलेला सांगाडा घेतात. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. असे अनेक आहेत, त्यांतला आम्ही पाहिलेला तो जँगो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एक वर्तमानपत्र आहे. त्याच्या कचेरीतल्या एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन ह्या दोघांनी बातम्यांच्या वेबसाइटसाठी तो लिहायला घेतला आणि 2005 साली तो सर्वांसाठी खुला झाला. नाव ठेवले जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकावरून. इंग्रजीत नावाच्या आधी एक डी लिहितात, तो मुका. त्या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे आगीत भाजून निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर तो सूर काढी. असो.

जँगोत तोफेस आला की त्याची पडताळणी पायरीपायरीने होते. पहिली पायरी एकेका रकान्याची. तारीख ही तारीख आहे का, फोनच्या जागी अक्षरे तर नाहीत ना. आपल्या मिस्पार जेहूतचे उदाहरण घ्या, ते आम्हांला गणिताचे शिक्षक म्हणून फार आवडते. त्यात नऊ आकडे, आणि शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून ठरलेला. डावीकडून प्रत्येक आकड्याला आलटून पालटून 1 आणि 2 ने गुणायचे, गुणाकार दोन आकडी आला तर त्याचे आकडे मिळवायचे, आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला 10 ने पूर्ण भाग गेला तर नंबर जमला. 123456782 हा नुसता नमुन्याचा आकडा घेऊन पाहा: 1, 4, 3, 8, 5, मग 12 चे 3, मग 7, मग 16 चे 7, आणि शेवटी 2. बेरीज 40. जमले. एखादा आकडा चुकला की बेरीज बिघडते आणि तोफेस तिथेच लाल होतो. आपल्या घरच्या नंबरावर हे करून बघा, वेळ चांगला जातो.

ही पडताळणी सोपी, कारण सगळे त्या एका रकान्यातच आहे. हूगच्या चौकोनांचे तसे नाही.

समजा मोआदोनमध्ये चार हूग आहेत: योगासने, चित्रकला, हिब्रू वाचन आणि मराठी गाणी. संगणकात त्यांचे नंबर अनुक्रमे 3, 5, 7 आणि 8. समजा नियम असे की एका माणसाने जास्तीत जास्त तीन हूग घ्यावे, एकाच वेळी भरणारे दोन हूग घेऊ नयेत, योगासनांसाठी डॉक्टरांचा इशूर दिलेला असावा, आणि प्रत्येक हूगमध्ये वीस जागा. रिबेकाबाई नावाच्या एक बाई, पहिल्यांदाच नोंदणी करतात, योगासने आणि हिब्रू वाचन ह्यांवर खूण करतात आणि बटण दाबतात.

बटण दाबल्यावर हूगची नावे जात नाहीत, फक्त आकडे जातात: 3 आणि 7. ज्या चौकोनांवर खूण नाही त्यांच्याविषयी काहीच जात नाही. "चित्रकला नको" असा निरोप तोफेस पाठवत नाही, तो गप्प राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

सर्व्हरला 3 आणि 7 मिळाले की जँगो आधी हे पाहतो की हे आकडे परवानगी असलेल्या यादीतले आहेत का. वाचक म्हणतील, पानावर चारच चौकोन होते, मग पाचवा आकडा येईल कुठून? दोन वाटांनी येतो. खोडसाळ माणूस पानाच्या आत हात घालून वाटेल तो आकडा पाठवू शकतो. आणि दुसरी वाट अगदी साधी: रिबेकाबाईंनी सकाळी पान उघडून ठेवले, दुपारी जेवल्या, झोपल्या, आणि संध्याकाळी बटण दाबले. मधल्या वेळात कचेरीने हिब्रू वाचनाचा हूग यादीतून काढला. आता 7 हा आकडा यादीत नाही. तेव्हा लाल अक्षरे उमटतात, आणि ती अशी की योग्य पर्याय निवडा, 7 हा उपलब्ध पर्यायांपैकी नाही. बाईंनी तर 7 कुठे लिहिलाच नव्हता! त्यांना वाटते आपले बोट कुठेतरी भलतीकडे लागले. तसे काही नाही. तो हूगचा आतला नंबर आहे, एरवी आपल्याला कधी न दिसणारा. पान नव्याने उघडले की चालू हूग दिसतात. प्रोग्रॅमरने थोडे कष्ट घेतले तर आकड्याच्या जागी चांगले वाक्य घालता येते, पण पुष्कळजण घेत नाहीत.

आकडे यादीतले निघाले तरी आणखी पाहायचे राहतेच. तीनपेक्षा जास्त नाहीत ना, वेळा एकमेकींवर येत नाहीत ना, योगासने असतील तर इशूरच्या रकान्यात काही आहे ना. ही पडताळणी एकेका चौकोनाची नाही. साऱ्या खुणा एकत्र धरून, आणि बाकीच्या रकान्यांशी ताडून पाहावी लागते. जँगोत ह्यासाठी तोफेसमध्ये एक जागा ठेवलेली आहे, तिला क्लीन म्हणतात. सगळे रकाने एकेकटे तपासून झाले की हे क्लीन चालते, आणि तिथे निवडलेले हूग एका गठ्ठ्यात हाताशी असतात. अजून काहीही कुठल्या वहीत लिहिलेले नसते. चूक सापडली तर तोफेस परत करायचा, शाई लागलेलीच नाही.

नवशिका प्रोग्रॅमर मात्र पडताळणी भलत्याच जागी ठेवतो. क्लीन नावाची आणखी एक जागा आहे, ती माणसाच्या ओळीची, म्हणजे जनरल रजिस्टरातल्या नोंदीची. तो विचार करतो, नियम माणसाविषयी आहे, तर माणसाच्या नोंदीजवळच लिहू. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण त्या वेळी तिसऱ्या वहीत काय असते? रिबेकाबाई नव्या असतील तर त्यांना नंबरच मिळालेला नाही, आणि नंबर नसलेल्या माणसाचे हूग विचारले की जँगो सरळ अडून बसतो, म्हणतो आधी नंबर आणा. बाईंना दिसते ते "सर्व्हरमध्ये बिघाड झाला" एवढेच लिहिलेले कोरे पान. आणि बाई जुन्या असतील, गेल्या वर्षी नोंदलेल्या, तर गंमत आणखी मोठी. तिसऱ्या वहीत गेल्या वर्षीचे हूग आहेत. नव्या खुणा अजून तोफेसमध्येच आहेत, वहीत उतरलेल्या नाहीत. तेव्हा पडताळणी होते ती जुन्या यादीची. गेल्या वर्षी दोन हूग होते, नियमात बसतात, पुढे जा! आणि नंतर नवे चार हूग बिनदिक्कत वहीत लिहिले जातात. उलटही होते: गेल्या वर्षी कोणी कचेरीतून चार लिहून ठेवले असतील, तर ह्या वर्षी बाईंनी दोनच मागितले तरी "तीनपेक्षा जास्त झाले" म्हणून लाल अक्षरे. बाई मोजून पाहतात, दोनच खुणा. पुन्हा करतात, पुन्हा तेच. कालचा पेपर तपासून आजचे गुण दिल्यासारखे हे आहे. म्हणून अनेकांचे अनेकांशी असलेल्या नात्याची पडताळणी तोफेसच्या क्लीनमध्येच व्हावी, आणि ती तोफेसमधून आलेल्या गठ्ठ्याचीच व्हावी, वहीतली नव्हे.

आता हरवलेल्या नावाकडे येऊ. पडताळणी पार पडली, पुढे लिहिण्याची वेळ. प्रोग्रॅमरने जँगोला नुसते "जतन कर" म्हटले, तर जँगो दोन्ही कामे आपणहून ओळीने करतो: रजिस्टरात नाव, मग तिसऱ्या वहीत जोड्या. पण बहुधा प्रोग्रॅमरला मध्ये काही भर घालायची असते. नोंदणी कोणत्या गावच्या शाखेतून झाली, ती कोणत्या कार्यकर्त्याने केली, असे काहीतरी जे तोफेसमध्ये नाही पण ओळीत पाहिजे. तेव्हा तो जँगोला म्हणतो, ओळ तयार कर, पण अजून लिहू नको. जँगो ओळ तयार करून त्याच्या हातात देतो. प्रोग्रॅमर शाखेचे नाव घालतो आणि ती ओळ रजिस्टरात स्वतः लिहितो. बाईंना नंबर मिळाला. इथे जोड्यांचे काम राहिले आहे. ते आता जँगो आपणहून करणार नाही, कारण नंबर कधी मिळेल हे त्याला ठाऊक नव्हते. प्रोग्रॅमरने आणखी एक हुकूम द्यायचा असतो, त्याचे नाव सेव्ह एम-टू-एम. तो हुकूम विसरला, तर कोणी ओरडत नाही. लाल अक्षर नाही, बिघाडाचे पान नाही. रजिस्टरात रिबेकाबाईंचे नाव आहे, फोन आहे, पत्ता आहे, हिरवी खूण उमटते, आभाराची चिठ्ठी मोबाईलवर येते. फक्त 3 आणि 7 कुठेच लिहिलेले नसतात. योगासनांची यादी तिसऱ्या वहीवरून निघते, तीत त्या नाहीत.

कचेरीत फोन केला तर तिथली मुलगी पडद्यावर बघून म्हणते, "तुमची नोंदणी आहे की, पण हूग तुम्ही निवडलेले नाहीत." तीही खोटे बोलत नाही. तिला पडद्यावर तेवढेच दिसते. ज्या माणसाने खूण केली त्याच्याजवळ पुरावा नाही, आणि ज्या यंत्राने ती टाकून दिली त्याच्याजवळ आठवण नाही. जँगोच्या मार्गदर्शिकेत हा हुकूम द्यायला विसरू नये असे स्पष्ट सांगितलेले आहे, तरी लोक विसरतात, कारण विसरल्याने काही मोडत नाही. प्रोग्रॅम तपासणारा स्वतःचे नाव घालतो, हिरवी खूण बघतो आणि उठतो. यादी काढून कोण बघतो?

दुसऱ्या एका तऱ्हेनेही हूग नाहीसे होतात, आणि ती जुन्या सभासदांना लागू आहे. वर म्हटले की खूण नसलेल्या चौकोनाविषयी तोफेस गप्प राहतो. म्हणजे "मला एकही हूग नको" आणि "मी त्याविषयी काही बोललोच नाही", ह्या दोहोंत सर्व्हरला फरक दिसत नाही. जँगो शांततेचा अर्थ "एकही नको" असा घेतो. हूग निवडणे सक्तीचे ठेवले असेल तर तो तोफेस परत करतो, हे बरे. सक्तीचे नसेल, तर तिसऱ्या वहीतली त्या माणसाची सगळी पाने साफ. समजा रिबेकाबाईंचा फोन नंबर बदलला आणि त्या फक्त तो बदलायला तोफेस उघडतात. नीट बनवलेल्या तोफेसमध्ये आधीचे चौकोन खूण केलेलेच दिसतात. पण मोबाईलसाठी कोणी हाताने निराळे पान बनवले असेल आणि त्यात ते चौकोन दाखवायचेच राहिले असतील, तर फोन बदलतो आणि हूग जातात, दोन्ही एकाच बोटाने.

जागांच्या मर्यादेविषयी थोडे. वीसपैकी एकोणीस भरल्या आहेत. रिबेकाबाई आणि दुसऱ्या एक बाई, दोघी एकाच क्षणी बटण दाबतात. पहिलीसाठी मोजले, एकोणीस, जागा आहे. दुसरीसाठी मोजले, अजून एकोणीसच, कारण पहिलीचे लिहून व्हायचे आहे. दोघींना हिरवी खूण, आणि एकवीस माणसे खोलीत. तोफेसच्या क्लीनमध्ये कितीही काळजी घेतली तरी ह्यावर ती पुरत नाही. मोजणे आणि लिहिणे ह्यांच्यामध्ये दुसऱ्या कोणाला त्या हूगच्या ओळीला हात लावू द्यायचा नाही, असे कुलूप डेटाबेसमध्ये घालता येते, आणि दोन्ही लिखाणे एका गाठोड्यात बांधता येतात, म्हणजे झाली तर दोन्ही होतील, नाही तर एकही नाही. ह्या गाठोड्याने वरची फटही बुजते: नाव लिहिले आणि जोड्या लिहिताना वीज गेली, तर नावही पुसले जाते आणि माणसाला निदान कळते की काही झाले नाही. अर्धे झालेले काम न झालेल्यापेक्षा वाईट, असे आमचे मत आहे.

आणखी एक जागा तपासावी लागते ती कचेरीचा पडदा. जँगोबरोबर कचेरीसाठी एक तयार पान येते, त्याला ऍडमिन म्हणतात. त्याचा तोफेस वेगळा असतो. आपल्या तोफेसमध्ये लिहिलेले नियम तिथे आपोआप लागू होत नाहीत. त्यामुळे फोनवरून गळ घालणाऱ्याला कारकून चौथा हूगही देऊ शकतो, आणि आपण मोबाईलवर तीनवर अडतो. कोणी म्हणेल हे ओळखीपाळखीचे काम आहे. कधी असेलही, पण बहुतेक वेळा नियम एकाच दारावर टांगलेला असतो एवढेच. कचेरीच्या पानालाही तोच तोफेस जोडणे अवघड नाही. ह्याहून कडक पाहिजे तर खुद्द तिसऱ्या वहीपाशी राखणदार बसवता येतो, जोडी कुठल्याही दाराने येवो, तो पाहणारच. पण तो राखणदार शेवटच्या क्षणी हात धरतो, तेव्हा भरणाऱ्याला नीट निरोप मिळण्याऐवजी पुन्हा ते बिघाडाचे पान दिसायची भीती. म्हणून तोफेसमधली पडताळणी असावीच, राखणदार तिच्या जोडीला.

आता आपण काय करायचे? प्रोग्रॅम आपल्या हातात नाही, पण विचारणे आहे. नोंदणी झाल्यावर येणारी चिठ्ठी नीट वाचावी. "धन्यवाद, तुमची नोंदणी झाली" एवढेच असेल तर त्यावरून जोड्या लिहिल्या गेल्या की नाही हे कळत नाही. त्या चिठ्ठीत हूगची नावे पाहिजेत, आणि ती तोफेसमधून उचललेली नकोत, लिहून झाल्यावर वहीतून परत वाचलेली पाहिजेत. आपल्या मोआदोनच्या कचेरीत हे मागावे. मागायला प्रोग्रॅम कळावा लागत नाही, "चिठ्ठीत माझे हूग यादीतून वाचून लिहा" एवढे म्हटले तरी ज्याला करायचे त्याला समजते. तोवर बटण दाबण्यापूर्वी खुणा केलेल्या पानाचा त्सिलूम मासाख काढून ठेवावा. ज्यांना जमत नाही त्यांनी नातवंडांकडून एकदा शिकून घ्यावे, दोन बटणांचे काम आहे. फोन किंवा पत्ता बदलताना हूगचे चौकोन आधीच खूण केलेले दिसत नसतील, तर बटण न दाबता कचेरीला कळवावे.

आणि कचेरीतून कोणी म्हणाले की तुमचे नाव आहे पण हूग नाहीत, तर शांतपणे विचारावे की त्याच दिवशी नोंदलेल्या इतरांचे हूग आहेत का. एकट्या आपलेच गेले असतील तर कदाचित खूण राहिली असेल. पण त्या दिवशीच्या सगळ्याच नव्या माणसांचे रकाने रिकामे असतील, तर कचेरीने प्रोग्रॅमरला बोलावून सेव्ह एम-टू-एम हा हुकूम दिला आहे का ते बघायला सांगावे. हे शब्द कागदावर लिहून न्यावे. आणि रिकामे रकाने असलेल्या सगळ्यांना कचेरीने स्वतः फोन करून हूग पुन्हा विचारून घ्यावे, कारण त्या खुणा आता संगणकाला विचारून मिळणार नाहीत, ज्यांनी केल्या त्यांनाच त्या ठाऊक आहेत.